परसातलं पांढरं फूल

गोव्यात सर्वण गावी आमच्या घरामागचं परसू सखल होतं. दर पावसात पाणी साचायचं, म्हणून खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी चार ट्रक माती आणून घातली. माती कुठली, ते ट्रकवाल्यालाही धड सांगता आलं नाही.

पुढल्या वर्षी तिच्यातून उगवलेलं निम्मं रान आमच्या ओळखीचं नव्हतं. तायकिळा, कुर्डू, लाजाळू ही आमची. बाकीच्यांसाठी ह्यांनी एक वही केली. सकाळचा चहा झाला की परसात उकिडवे बसायचे, पान खुडून बोटांत चुरडायचे, हुंगायचे आणि मग एक पान वहीत चिकटवायचे. कोपऱ्यात एक झाड कमरेएवढं झालं होतं. पानं शेवंतीसारखी, वर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके.

"रान माजलंय, कापून टाकते," मी म्हटलं.

"आधी नाव कळू दे. न ओळखता कसं कापायचं?"

मोबाइलवर फोटो टाकून पाहिला, तर एकदा शेवंती आली, एकदा भलतंच काही. शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. फुलं नाजूक दिसली म्हणून मी ती दोनदा देवालाही वाहिली.

दिवाळीच्या सुमारास ह्यांच्या मानेला खाज सुटली. मग पापण्या सुजल्या, हातांना भेगा पडल्या. डिचोलीच्या डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितला, मलम दिलं, गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. आत बसून जीव कंटाळतो म्हणून हे परसात बसायचे. खुर्ची मीच नेऊन ठेवायचे.

शेजारी कुंपणाची भिंत बांधायला बेळगावकडची एक बाई येत होती. पाणी मागायला आली आणि परसाकडे बघत राहिली.

"हे कशाला राखलाय वो बाई?"

"का? काय आहे ते?"

"गाजर गवत. आमच्याकडं बांधाबांधानं हेच. माझ्या आईचं तोंड ह्याच्यानंच काळं पडलं. शेवटी डोळे उघडेनात..."

तेवढ्यात तिला जनेलाचे गज धरून उभे असलेले हे दिसले. ती तांब्या खाली ठेवून निघून गेली. ह्यांनी वही काढली आणि त्या पानाखाली नाव लिहिलं.

म्हापशाच्या त्वचेच्या डॉक्टरांना मी ते नाव सांगितलं. ते म्हणाले, हेच असणार, त्रास व्हायला आता हात लावायचीही गरज नाही, वाऱ्यावरून आलेली त्याची धूळही पुरते.

हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून मी सगळं उपटलं. पण बी पडून गेलं होतं. महिन्याभरात ते पुन्हा आलं, शेजाऱ्यांच्या आवारातही आलं. वही मी पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत दिली.

आता हे पर्वरीला मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मी इथेच असते. देवाला दिवा लावायला आणि ते गवत फुलण्याआधी उपटायला कुणीतरी हवं. रविवारी बसने जाते. तिथे पोचल्यावर आधी आंघोळ, तिथेच ठेवलेली साडी नेसायची, मग ह्यांच्याजवळ बसायचं. चेहऱ्याची कातडी जाड, काळपट झालीय.

गेल्या रविवारी मी हात हातात घेतला. ह्यांनी तो हळूच काढून घेतला.

"केस धुतलेस?"

मी होय म्हटलं. बस उशिरा आली होती, केस तसेच होते. मग मी उठून पुन्हा न्हाणीत गेले.