मूकवाचनाची पंधरा मिनिटे

आमची प्रज्ञा बी.एड. करणार नाही, ही बातमी मला चीनमधून समजली.

प्रज्ञा ही माझी एकुलती मुलगी. ती मानवतला, माझ्याच घरात, माझ्या खुर्चीपासून साधारण आठ फुटांवर राहते. चीन त्या मानाने लांब आहे. तरीही बातमी त्या बाजूने का आली, हे मी क्रमाने सांगतो. बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या माणसाने घटना क्रम सोडून सांगितल्या, तर त्याच्या विद्यार्थ्यांनी कोणाकडे पाहावे?

मी निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात माझा भाचा संदीप पुण्याहून आला. त्याच्या कंपनीत यंत्रे बसवायला आलेले एक चिनी अभियंते त्याचे मित्र झाले होते. ते आता मायदेशी परतले होते आणि त्यांची मुलगी यालिन तिकडच्या शाळा सोडतानाच्या मोठ्या परीक्षेला बसणार होती. मुलीचे इंग्रजी व्याकरण उत्तम, शब्दसंग्रह उत्तम. घोडे अडत होते ते उताऱ्यावरच्या प्रश्नांत.

"मामा, रोज एक तास व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून उतारे सोडवून घ्या," संदीप म्हणाला. "मी त्यांना सांगून टाकलंय, आमचे मामा म्हणजे उताऱ्याचे डॉक्टर हायेत."

"आधी विचारायचं, मग सांगायचं, असा क्रम असतो," मी म्हणालो.

पण खरे सांगायचे तर मला विलक्षण कुतूहल वाटले. त्या देशातल्या मुलांना इंग्रजीतून काय वाचायला देतात? वाचून झाल्यावर काय विचारतात? आणि आपली 'ओळ शोधा' पद्धत तिकडे चालते का?

ही पद्धत सोपी आहे. आधी प्रश्न वाचावा. त्यातला ठळक शब्द पेन्सिलीने अधोरेखित करावा. तोच शब्द उताऱ्यात शोधावा आणि ज्या ओळीत सापडेल ती ओळ जशीच्या तशी उतरवावी. अर्थ कळला तर उत्तमच. नाही कळला, तरी गुण मिळतात. या पद्धतीने मी मानवत तालुक्याच्या दोन पिढ्या पैलतीराला लावल्या. (त्या पलीकडे जाऊन काय करताहेत, हा वेगळा विषय आहे.)

यालिनच्या पहिल्याच उताऱ्यात एक म्हातारा रोज संध्याकाळी रेल्वे स्टेशनवर जात होता. कोणी विचारले की म्हणायचा, "पाय मोकळे करायला." प्रश्न होता, म्हातारा स्टेशनवर का जातो? चार पर्याय. मी 'पाय मोकळे करायला' या शब्दांखाली रेघ मारून कागद कॅमेऱ्यासमोर धरला. यालिनने माझी रेघ पाहिली. मग अतिशय आदराने म्हणाली, "सर, ते उत्तर सापळा आहे. तो मुलाची वाट पाहतो. चौथ्या परिच्छेदात तो दोन कप चहा सांगतो."

"पण वाट पाहतो, असं कुठल्या ओळीत लिहिलं आहे?"

"कुठल्याच नाही, सर. म्हणून तर विचारलं आहे."

मग तिने मला समजावून सांगितले की त्यांच्या परीक्षेत पात्र तोंडाने जे बोलते, ते बहुधा उत्तर नसते. उत्तर त्याच्या वागण्यात असते. मी ही गोष्ट वहीत टिपून घेतली, खाली दोन रेघा मारल्या आणि आयुष्यात कुठेही वापरली नाही.

वर्ग दुपारी अडीचला भरे. (तिकडे तेव्हा पाच वाजलेले असत.) एप्रिल महिना, जेवण नुकतेच झालेले, कूलरचा गार वारा. सुरुवातीची पंधरा मिनिटे मूकवाचनाची. मूकवाचन चालू असताना शिक्षकाने वर्ग सोडायचा नसतो, हा माझा जुना दंडक. त्यामुळे मी खुर्चीतच बसून, डोळे मिटून, उताऱ्यावर चिंतन करीत असे. घरचे लोक मागे आपापली कामे करीत. शेजारच्या गयाबाई पहिल्याच आठवड्यात 'चीनची पोरगी' पाहायला आल्या. फोनसमोर बसून त्यांनी दहा मिनिटे निरीक्षण केले आणि निकाल दिला, "नुसती वाचायलीय की. आपल्या पोरींसारखीच हाय." त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या.

यालिन प्रत्येक वर्ग ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकत असे. तिच्या फोनमध्ये एक ॲप होते. ते कोणत्याही भाषेतले बोलणे ऐकून इंग्रजीत लिहून देई. ही तीन वाक्ये वाचकांनी अधोरेखित करून ठेवावीत. मी केली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात, एका शुक्रवारी, यालिन म्हणाली, "सर, मी एक जादा उतारा सोडवला आहे. प्रश्नही मीच काढले. तुम्ही सोडवून पाहाल का? म्हणजे माझी उत्तरं बरोबर आहेत का, ते मला समजेल."

माझे मन भरून आले. विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न काढणे ही अध्यापनाची परमावधी असते. मी पेन्सिलीला टोक काढून बसलो. उतारा पानभर होता. एका उष्ण गावातले घर. घरात आई, मुलगी, एक शेजारीण आणि एक शिक्षक. वाचताना मला हे सगळे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले. चांगले साहित्य वाचताना तसे वाटतेच.

पहिला प्रश्न. बाकीचे लोक बोलत असताना शिक्षक काय करतो? विद्यार्थिनीवर लक्ष ठेवतो, उताऱ्यावर चिंतन करतो, झोपतो, की संगीत ऐकतो? मी 'चिंतन करतो' यावर खूण केली.

"झोपतो, सर," यालिन म्हणाली. "ॲपनं दर चार सेकंदांनी कंसात 'संगीत' असं लिहिलं आहे. पण त्या खोलीत वाद्य नाही."

येथे मला पहिली शंका आली.

दुसरा प्रश्न. मुलगी सकाळी सहा वाजता कोठे जाते? मी ओळ शोधली. ओळ होती: 'मी अभ्यासिकेत जाते, असे ती वडिलांना सांगते.' मी खूण केली.

"सापळा, सर. अभ्यासिकेतून येणाऱ्या मुलीच्या ओढणीला ग्रीस कसं लागेल?"

ग्रीस! प्रज्ञाच्या ओढणीला ग्रीस लागलेले मीही पाहिले होते आणि ते सायकलच्या चेनचे असावे, असा निष्कर्ष काढला होता. सायकल आम्ही दोन वर्षांपूर्वीच पुतण्याला देऊन टाकली आहे, हे मला आत्ता आठवले.

तिसरा प्रश्न. सोमवारी मुलीपुढे कोणती अडचण आहे? मी 'बी.एड.चा अभ्यास झालेला नाही' हा पर्याय निवडला. यालिनचे उत्तर असे होते, की सोमवारी बी.एड. प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे आणि त्याच सकाळी तिची मोठी गाडी चालवण्याच्या लायसनची चाचणीही आहे.

चौथा प्रश्न. या घरात ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही? आई, मुलगी, शेजारीण, शिक्षक.

हा प्रश्न मात्र मी बरोबर सोडवला.

चारपैकी एक गुण घेऊन मी यालिनकडून मूळ ध्वनिमुद्रण मागवले आणि कानात इअरफोनची बोंडे घालून ऐकत बसलो. आधी 'संगीत' ऐकू आले. (ॲपची चूक नव्हती. त्यात लय होती.) मग माझ्या पत्नीचा, सुमनचा आवाज.

"सोमवारी शेवटची तारीख हाय. कवा सांगनार हायस त्यायला?"

"सांगते की. लायसन हातात पडू दे," प्रज्ञा म्हणाली. "मम्मी, हळू बोल, पप्पा उठतील."

"त्यायचं मूकवाचन सुरू झालं की घर उचलून नेलं तरी उठत न्हाईत."

त्यावर गयाबाई, "पर काय गं, त्या दिशी मोंढ्यात सरांनी तुलाच झापलं म्हनं?"

"मग काय. पप्पांनी छत्रीनं काचेवर टकटक केलं. मी सीटखाली वाकले. शिकवणारे उस्ताद म्हणले, सर, शिकाऊ हाय, माफी असावी."

मला ती सकाळ आठवली. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, तोंडाशी शिकाऊ वाहनचालकांची एक जुनी बस बंद पडली होती आणि मी भर रस्त्यात, चालक दिसत नसतानाही, 'ज्याला जे जमत नाही त्याने तो पेशा निवडू नये' या विषयावर पाच मिनिटे बोललो होतो. माणसे थांबून ऐकत होती. ती माझ्या विचारांसाठी थांबली आहेत, असे मी समजलो. त्यांना ड्रायव्हर कोण, हे ठाऊक होते!

ध्वनिमुद्रण पुढे चालू होते. प्रज्ञा सांगत होती, "सहा महिने पोरांची शिकवणी घेतली मी, मम्मी. रोज फळ्यासमोर उभं राहिलं की नजर घड्याळाकडंच जायची. बसच्या स्टेरिंगला हात लावला की लय निवांत वाटतं. पण पप्पांना सांगायला गेलं की ते म्हणतात, एका वाक्यात सांग. हे एका वाक्यात कसं सांगू?"

येथे पुन्हा संगीत होते. मी कानातली बोंडे काढली.

सुमन अंगणात कुरडया वाळत घालत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"प्रज्ञा मोठ्या गाडीचं लायसन काढते आहे," मी म्हणालो.

"कुनी सांगितलं?"

"चीननं."

सुमनचा हात कुरडईवर थांबला. "त्या पोरीला मराठी येतं?"

"तिला आकलन येतं."

तेवढ्यात प्रज्ञा दारात आली. आम्हा दोघांचे चेहरे पाहून तिला काय झाले ते समजले. (आमच्या घरात ही कला एका माणसाखेरीज सर्वांना अवगत आहे.)

"बी.एड.चं विचारलं तेव्हा तू 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली होतीस ना?" मी विचारले.

"हो, पप्पा."

"त्याचा अर्थ काय होता?"

"न्हाई, असा होता. मी ते भिंतीकडं बघून म्हणले होते."

"मग स्पष्ट का नाही सांगितलंस?"

"तुमी एका वाक्यात मागता."

मी पायरीवर बसलो. "आता सांग. परिच्छेद चालेल."

तिने पाऊण तास सांगितले. मी मध्ये फक्त दोनदा बोललो, तेही घटनांचा क्रम नीट लागावा म्हणून. हलक्या वाहनाचे लायसन तिने कधीच काढलेले होते. 'ओळखपत्र म्हणून उपयोगी पडते' म्हणून मीच त्या अर्जाचे कौतुक केले होते. मोठ्या गाडीचे लायसन मिळाले, की बसचालकाच्या भरतीचा अर्ज भरता येणार होता. सोमवार हुकला, तर चाचणीची पुढची तारीख केव्हा मिळेल, कोणी सांगू शकत नव्हते. आणि सोमवारी प्रवेश घेतला नाही, तर बी.एड.चे वर्ष जाणार होते.

"मग तुमी काय म्हणता?" तिने शेवटी विचारले.

 मी म्हणालो, "सोमवारी परभणीला मी बरोबर येतो."

मी बरोबर कशासाठी येतो आहे, हे तिने विचारले नाही. मलाही ते ठाऊक नव्हते. सोमवारी परभणीच्या बसस्थानकावर उतरलो, तेव्हा बी.एड.ची फाइल माझ्या काखेत होती; सर्व प्रमाणपत्रे साक्षांकित, क्रमाने लावलेली. डावीकडे कॉलेजचा रस्ता, उजवीकडे चाचणीच्या मैदानाचा. प्रज्ञा थांबली.  ओढणी बोटाला गुंडाळत राहिली, डाव्या रस्त्याकडे एकदाही न बघता.

उतारा छोटा होता. या वेळी मी ओळ शोधली नाही. उजवीकडे वळलो.

मैदानावर सावली नव्हती. त्या फाइलचा दिवसभरात एकच उपयोग झाला: ती डोक्यावर धरता आली. प्रज्ञाने ती जुनी बस पुढे नेली, वळवली आणि पांढऱ्या रेघांच्या मधून उलटी अशी आणली, की एकाही रेघेला चाक लागले नाही. तपासणी अधिकारी कागदावर काहीतरी लिहून म्हणाले, "पास. पुढचं कोण?" तिला शिकवणारे उस्ताद माझ्याकडे वळले, "सर, आता मानवतपर्यंत पोरगीच नेते. तुम्ही मागं निवांत बसा."

मी बसलो. 'निवांत' या शब्दाविषयी मात्र खात्रीने काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी या प्रवासावर यालिनसाठी स्वतः उतारा लिहिला. तिच्या परीक्षेच्या नमुन्याबरहुकूम चार प्रश्न काढले, प्रत्येकी चार पर्याय दिले आणि उत्तरसूची घडी करून खिशात ठेवली. पहिले तीन प्रश्न तिने झटपट सोडवले, सूचीशी जुळले. चौथा प्रश्न होता: प्रवासभर वडिलांना काय वाटत होते? अभिमान, राग, भीती, की कंटाळा?

"भीती, सर," यालिन म्हणाली.

मी हसलो. "नाही, नाही. पहिलीच ओळ वाच. 'मला माझ्या मुलीचा अतिशय अभिमान वाटला.' स्पष्ट लिहिलं आहे."

"म्हणूनच तो सापळा आहे, सर. दुसऱ्या परिच्छेदात वडील 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही पाटी अकरा वेळा वाचतात. आणि तिसऱ्या परिच्छेदात उतरताना त्यांची बोटं समोरच्या दांडीवरून शेजारच्या शिकाऊ चालकाला सोडवावी लागतात."

"काय म्हनली ती?" मागून सुमनने विचारले. मी सांगितले.

"बरोबर हाय की," सुमन म्हणाली.

मी खिशातून उत्तरसूची काढली आणि लाल पेनाने दुरुस्त केली. स्वतः लिहिलेल्या उताऱ्यावर, स्वतःच काढलेल्या प्रश्नांत, स्वतःच्या मनाविषयी मला चारपैकी तीन गुण मिळाले. मागच्या वेळेपेक्षा ते दोनने अधिक आहेत आणि प्रगती समाधानकारक आहे, असा यालिनचा शेरा आहे.