तशीच ठेवलेली ओळ

"एक ओळ तशीच ठेवा," असं म्हणताना त्यांचं बोट वर जायचं. हातात चहाचा कप असेल तर कपासकट हात वर. चहा सांडायचा, बोट हलायचं नाही. देगलूरच्या बाजारात माझं खत-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. तिथे सात-आठ वर्षं रोज दुपारी हे बोट वर जायचं आणि माझ्या धंद्यात माती कालवायचं.

ते कृषी खात्यात सहायक होते, मूळचे मुदखेडकडचे. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तालुक्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं. सगळे ओळवाले साहेब म्हणायचे. तुमच्याही गावात असा एखादा सरकारी माणूस तुम्ही पाहिला असेल, ज्याला नेमून दिलेलं काम एक आणि ज्याच्या डोक्यात दुसरंच असतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. शेतकरी माझ्याकडून टॉनिकची बाटली न्यायचा, सोयाबीनवर मारायचा, आठ दिवसांत पीक हिरवंगार व्हायचं आणि तो बाटलीचं कौतुक करत परत यायचा. मला आणखी काय पाहिजे? पण कोपऱ्यातल्या स्टुलावरून साहेब विचारायचे, "मधी पाऊस झाला का न्हाई?" झालेला असायचाच. "मग बाटलीनं झालं का पावसानं? न मारलेली ओळ कुठंय?" शेतकरी विचारात पडायचा आणि मी आतल्या आत धुमसायचो.

एकदा चिडून म्हणालो, माझ्याच रानात करून दाखवा. त्यांनी दाखवलं. सगळ्या रानावर बाटली मारली, मधली एक ओळ तशीच ठेवली, तिच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्या. पुढे वाऱ्याने काठ्या पडल्या आणि काढणीच्या वेळी ती ओळ कोणती हे आम्हा दोघांनाही सापडेना. साहेब बांधावर बसून पोट धरून हसले. त्यानंतर तो माल मी ठेवलाच नाही असं सांगितलं तर खोटं होईल. ठेवला, पण गिऱ्हाइकाने नाव घेऊन मागितला तरच काढायचो.

हे वेड कशापायी, ते मला त्यांच्याबरोबर एका खेड्यात गेलो तेव्हा कळलं. तिथे तुरीचं उभं पीक वाळत होतं. नवी सून घरात आली आणि तूर वाळायला लागली, एवढं घरच्यांना पुरलं होतं. ती पोरगी दाराआड उभी होती, रडून डोळे सुजलेले. साहेबांनी कुणाला उपदेश केला नाही. रानात जाऊन वाळलेलं एक झाड उपटून आणलं, खिशातल्या चाकूने बुडाशी उभं चिरलं आणि सासऱ्याच्या हातात दिलं. आत काळी रेघ होती.

"मर रोग हाय. मातीतून येतो," ते म्हणाले. "गेल्या साली बी त्याच कोपऱ्यात वाळली हुती का न्हाई?"

म्हाताऱ्याने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, हुती. पोरगी आत गेली आणि तिने आमच्यासाठी चहा टाकला.

परत येताना साहेबांनी मोटारसायकल एका लिंबाखाली थांबवली. मला म्हणाले, "कारण सापडलं न्हाई आप्पा, की माणूस जवळच्या माणसाला धरतो." मला तेव्हा ते वाक्य नुसतंच बरं वाटलं होतं.

घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, पायरीवर शेवंतीच्या दोन कुंड्या ठेवल्या होत्या. तांदळाचं धुवण घातलं की फुलं जास्त येतात, हे त्यांचं माहेरचं ज्ञान. साहेबांनी लगेच हुकूम काढला की एकीला धुवण, एकीला साधं पाणी, आणि फुलं मोजून वहीत लिहायची. दोन वर्षं त्यांनी लिहिली. दोन्ही वर्षी फुलं जवळजवळ सारखीच. 'फरक नाही' असं खाली लिहून त्यांनी वही मला आणून दाखवली होती.

खरी गोष्ट माझ्या बायकोला माहीत होती. साहेब कामावर गेले की वहिनी दोन्हींना धुवण घालायच्या. "एकीला द्यायचं आन दुसरीनं बघत राहायचं," त्या बायकोला म्हणाल्या होत्या, "मला न्हाई बाई जमत."

एका भाद्रपदात वहिनींना ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवस उतार पडला नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी औषध बदललं. वहिनींचा भाऊ आला होता. तो म्हणाला, नांदेडला नेऊ. माझ्याकडे गाडी मागायला तोच आला. मी गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी केली. साहेब म्हणाले, आजच औषध बदललंय, संध्याकाळपर्यंत बघू. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी किल्ली खिशात टाकली आणि परत आलो.

दिवस मावळायच्या सुमारास साहेब दुकानात आले. चेहरा उजळलेला. "ताप उतरला. औषध लागू पडलं, आप्पा."

आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याला हे वाक्य पुरं करू दिलं नाही, त्यांनी ते पुरं केलं आणि मीही मान हलवली. न मारलेली ओळ कुठंय, हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारवलं नसतं. ते इतके आनंदात होते.

सकाळी वहिनींना उभं राहवेना, हातपाय गार पडले. नांदेडला नेलं. रक्तातल्या पेशी फार कमी झालेल्या होत्या. दोन दिवसांनी त्या गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की या दुखण्यात ताप असा उतरतो आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. एक दिवस आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या का, हे त्यांना सांगता आलं नाही.

तेराव्यानंतर मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. समजूत घालायला त्यांचेच शब्द वापरले. म्हणालो, एकामागून एक झालं म्हणजे एकामुळं एक झालं असं नसतं, हे तुमचंच म्हणणं आहे.

"हाव," ते म्हणाले. मग बोट वर गेलं, पण अर्ध्यावरच थांबलं. "सकाळीच नेली असती, ती ओळ कुठंय आप्पा? बघायची कुठं? ती तर एकच हुती."

त्या सकाळची किल्ली माझ्याही खिशात आहे, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

दोन कुंड्यांची खरी गोष्ट त्यांना माझ्या बायकोने सांगितली. ते हसले, वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदाच. हसता हसता रडायला लागले आणि बराच वेळ रडत राहिले. पुढे त्यांनी हिमायतनगरला बदली मागून घेतली. जाताना दोन्ही कुंड्या माझ्या दारात आणून ठेवल्या. मी विचारलं, कोणत्या कुंडीला काय घालायचं?

"दोघींना बी धुवण घाला," ते म्हणाले. "कुणाला तसंच ठेवू नका."

मी तसंच केलं. दोन्हींना एकच माप, एकच ऊन. दुसऱ्या वर्षी त्यातली एक वाळली. का वाळली ते कळेना, आणि माझ्या मनात आलं की साहेबांना हवी होती ती ओळ हीच असेल, सगळं करूनही एखादी जातेच. मी फोन केला. म्हणालो, दोघींना सारखंच केलं साहेब, काही कमी केलं नाही, तरी एक गेली.

त्यांनी जुन्या सवयीने विचारलं, माती एकच होती का, कुंडीचं भोक बुजलं होतं का, मुंग्या होत्या का. मी म्हणालो, सगळं सारखं होतं.

"दोन कुंड्यांवरून काय कळत न्हाई, आप्पा. लई पायजेत." मग म्हणाले, "पण तुमी फोन केला, बरं वाटलं."

माझा दिलासा त्यांनी घेतला नाही. खोटा माल त्यांना चालत नसे, तो स्वतःसाठीही चालला नाही. मला त्यांचा राग आला आणि लगेच भरूनही आलं.

पुढच्या उन्हाळ्यात हिमायतनगरला झोपेतच ते गेले. लोक म्हणाले, बायकोच्या दुःखाने गेले.

वाचलेल्या शेवंतीच्या बुडाला फुटवे येतात. ते काढून मी कुंड्या लावत गेलो, माझ्या दारात अकरा झाल्या. सगळ्यांना एकाच तांब्याने धुवण घालतो. गेल्या थंडीत त्यातल्या दोन वाळल्या. मी माती पाहिली, मुंग्या पाहिल्या, कुंड्यांची भोकं पाहिली, वहीत लिहून ठेवलं. मग सवयीने फोन हातात घेतला आणि त्यांच्या नावापर्यंत जाऊन थांबलो.