पिस्तूल आणि चहाचे ब्रेक

"पिस्तूल अजून थोडं मोठं करा," आमच्या मुंबई ऑफिसच्या प्रमुख रेवती मॅडम व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या.

पोस्टरवरचं पिस्तूल आधीच ते धरलेल्या पोराच्या डोक्याएवढं होतं. आम्ही इंदूरवाले दिसेल त्या पदार्थावर शेव घालतो, तसं मुंबईचं ऑफिस दिसेल त्या क्राइम मालिकेवर पिस्तूल घालतं.

मी ऑडियन्स अ‍ॅनालिस्ट. ओटीटीवरची मालिका लोकांपुढे कशी मांडली जाते, ते तपासणं माझं काम. पोस्टर कुठलं, ट्रेलरमध्ये काय, खाली दोन ओळींत काय लिहिलंय. तेव्हा आमच्याकडे एक ब्रिटिश मालिका आली होती. लंडनमधली सरकारी घरांची वस्ती, ड्रग्ज विकणारी टोळी आणि तिच्यात ओढला गेलेला एक काळा मुलगा. हिंदी डबिंग झकास. तरी लोक पोस्टर बघून क्लिक करायचे आणि पहिल्याच भागात पळायचे. याला आम्ही ड्रॉप-ऑफ म्हणतो.

ही मालिका सावरली नाही तर इंदूरची टीम बंद आणि काम मुंबईत, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे इंदूरजवळच्या महूचं घर आणि आईला सोडून मला गाशा गुंडाळावा लागणार होता.

आमचे बॉस तिवारीजी अस्सल इंदुरी थाटात म्हणाले, "भिया, स्क्रीनिंग करवा लो. पर ऑफिसवाले नहीं, असली पब्लिक लाना."

असली पब्लिक म्हणजे माझी रमामावशी. रविवारी विहारात वंदना झाली की सगळ्या मैत्रिणी तिच्या घरी जमतात. त्यांना विचारून मी कोपऱ्यात कॅमेरा लावला आणि आधी पोस्टर दाखवलं.

"गुंडांचं आहे. आमच्या कामाचं नाही," मावशीने निकाल दिला. मग माझ्यावर उपकार म्हणून सगळ्या बसल्या.

गोळीबार सुरू झाला की मावशी उठायची. "हे चालू दे, तोवर चहा टाकते." पण पोराची आई स्वयंपाकघरात आली की, "रोक रे, रोक!" मालिका थांबवून भांडण सुरू.

"ही बाई रोज त्याचं ताट झाकून ठेवून राहिली, आणि हा झूठ बोलून राहिला!"

"अगं, उचल ना झाडू! बघते काय नुसती?" मावशी टीव्हीलाच ओरडली. हसून हसून माझी मुरकुंडी वळली.

भाग संपल्यावर शेजारच्या कांताताई म्हणाल्या, "पोस्टरवर हा नुसता गुंड दिसतो रे. हे तर शाळेत जाणारं लेकरू आहे. आमच्या मोहल्ल्याचं नाव सांगितलं की लोकांचं तोंड असंच बदलायचं." मला एकदम भरून आलं. त्यांनी लगेच विचारलं, "पुढचा भाग लावतो की नाही?"

सोमवारी तिवारीजींनी रेकॉर्डिंग बघून कपाळाला हात लावला. "बार-बार रोक रही हैं! बोर हो गईं सब."

मी पुन्हा बघितलं. मालिका थांबायची ती स्वयंपाकघरात. चहा व्हायचा तो गोळीबारात. मग आमचा ट्रेलर लावला आणि आम्ही दोघंही टेबलावर हात आपटत हसत सुटलो. आमचा ट्रेलर म्हणजे मावशीचे सगळे चहाचे ब्रेक एकापुढे एक जोडलेले!

"मग क्राइम लपवायचा का?" मॅडमनी कॉलवर विचारलं.

"नाही, ती फसवणूक होईल. खिडकीत पोलिसांच्या गाडीचा निळा उजेड ठेवू. पुढे आई, झाकलेलं ताट, आणि चेहरा नीट दिसेल असा मुलगा."

"आणि पिस्तूल?"

"मॅडम, पिस्तूल आलं की लोक चहा टाकतात."

त्यांनी आधी कपाळाला हात लावला. मग खो-खो हसल्या. "माझ्या सासूबाईपण!"

थोड्या प्रेक्षकांना जुनं पोस्टर, थोड्यांना नवं, अशी टेस्ट लावली. नव्या पोस्टरवरून आलेले लोक पुढचे भागही बघत राहिले. इंदूरची टीम वाचली. मी कॉरिडॉरमध्ये नाचलो आणि तिवारीजींनी जिलेबी मागवली.

एवढं मात्र शिकलो: लोकांना काय आवडलं ते विचारत बसू नये. ते कधी उठतात, ते बघावं.

पुढची मालिका पाणबुडीतली होती. पोस्टर पाठवलं आणि लगेच मॅडमचा कॉल आला.

"छान आहे. फक्त एक ताट घालता येईल का? थोडं मोठं?"