गेमच्या मशीनची अर्थिंग

अर्थिंगवर खर्च काहून, हेच तुम्ही पुन्हा लिहिलं! आपल्याले गावात व्हिडिओ गेमची मशीन लावायची, तर पडदा मोठा अन् रंगीत पाहिजे, जॉयस्टिक दोन पाहिजे. पैसे कमी पडले की काटायची ती फक्त अर्थिंग.

मित्रहो, आज दुपारी इथं शहरात, जरीपटक्यातल्या आमच्या गेमच्या दुकानात नंदू मेला. माझ्याच खोलीत राहायचा, माझ्यासोबतच मशीन जोडायचा.

नव्या मशीनले प्लग नव्हता. नंदूनं दोन वायरी माचिसच्या काड्यांनी बोर्डात खोचल्या, अर्थिंगची तिसरी तशीच लोंबत ठेवली.

मी म्हटलं, "थांब गा, प्लग आणतो."

तो हसला, "तू गेम जोडतो का पावरहाउस?"

खाली कूलरचं पाणी सांडलं होतं. अनवाणी उभं राहून त्यानं पत्र्याच्या पेटीवरची जॉयस्टिक धरली. हात सुटलाच नाही. मी मेन स्विच पाडेपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी मालक मले म्हणे, "उद्या दुकान टाइमावर उघडजो."

आपल्या मशीनले गावची लेकरं हात लावतील. एखाद्याच्या मायले काय सांगाल, पडदा रंगीत होता म्हणून?

मी काळा-पांढरा पडदाच घेतो. तुम्ही आधी अर्थिंगचा खड्डा खणा, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ टाका. त्यासाठी माझ्या पगारातून मनिऑर्डर करून राहिलो, दीडशे रुपये.