सरांचा सहावा ड्राफ्ट

परवा नामपल्ली स्टेशनवर सरांना सोडायला गेले होते. सर म्हणजे आमच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख. मला एम.ए.ला त्यांनीच शिकवलं, आणि पुढे बारा वर्षं मी त्यांच्याच हाताखाली नोकरी केली.

राज्याचे दोन भाग झाले, तशी सरकारी कॉलेजांतल्या माणसांचीही वाटणी झाली. ज्याचं शाळेचं शिक्षण जिकडे झालं, तो तिकडचा, असा नियम. सरांची शाळा तिकडची, म्हणून सर तिकडे. तीस वर्षं इथे नल्लकुंट्यात राहिलेला माणूस! माझे आजोबा मराठवाड्यातून आलेले, पण माझी शाळा इथली, म्हणून मी इथली. काय बोलणार...

सरांच्या मिसेसचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, आणि घरात तिसरं कोणी नाही. आजारपणाचं कारण देऊन 'इथेच ठेवा' असा अर्ज करता येत होता. दहा दिवसांची मुदत होती.

आता आमच्या डिपार्टमेंटची खोड अशी, की लाल पेन फिरल्याशिवाय रजेची चिठ्ठीसुद्धा बाहेर जात नाही. सरांनी अर्ज लिहून मला दाखवला, मी दुसरा पॅरा बदलला, त्यांनी माझा पॅरा बदलला. हा शब्द फार दीनवाणा, ते वाक्य जरा उद्धट... सहा ड्राफ्ट झाले! मला मजा येत होती, हे सांगताना आज लाज वाटते.

शेवटच्या दिवशी शेवटची ओळ ठीक करून सरकारी ऑफिसात पोचलो, तर अर्जांची खिडकी बंद झालेली. दुसऱ्या दिवशी क्लार्कने अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. केमिस्ट्रीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी तसल्याच अर्जाच्या तीन ओळी खरडून दिल्या होत्या, एक वाक्य धड नव्हतं. त्या इथेच राहिल्या.

परवा डब्यात चढताना सरांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. त्यात बदलीविरुद्धचं अपील होतं. "एक बार देख लेओ अम्मा, फिर देना," म्हणाले.

गाडी गेली. मी पाकीट उघडलंच नाही... स्टेशनबाहेर ऑटो केली, थेट तेच ऑफिस गाठलं आणि तसंच देऊन आले. उपयोग होईल की नाही, देव जाणे.

सरांच्या मिसेस उपचारांसाठी इथेच राहिल्यात; काल त्यांना हिमायतनगरला डायलिसिसला मीच घेऊन गेले. ऑटोत त्यांनी हळूच विचारलं, "अर्जी अच्छी लिखे थे ना तुम लोगां?"

हो म्हटलं. फार सुंदर झाला होता अर्ज...

ही पोस्ट मी परत वाचलेली नाही. चुका असतील, असू देत.