बुधाजीने शिवलेले फ्रॉक

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष लागलं आणि बुधाजी गावडे रोज सकाळी दार आतून लावून शिलाई मशीनवर बसू लागला. लालबागच्या त्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावून घेणारं बिऱ्हाड तेवढं एकच. कोणी विचारलं तर त्याची बायको मंजुळा सांगायची, "ह्यांचं डोकं दुखतंय."

बुधाजी मिलच्या साळखात्यातला विणकर. चार साचे, म्हणजे चार माग, एकटा सांभाळायचा. तुटलेला धागा न बघता नुसत्या बोटांनी शोधायचा. मिल बंद पडली तशी मंजुळाने हिंदमाताच्या कापडबाजारातल्या वेलजीशेठकडून लहान मुलींचे होजिअरीचे फ्रॉक आणि टॉप शिवायला आणले. तिचा हात परकर-पोलक्यांवर बसलेला. या ताणणाऱ्या कापडाने तिला रडवलं. मुलीचं डोकं गळ्यातून आत जायचा अवकाश, टाका तटकन तुटायचा. पहिला गठ्ठा सगळाच्या सगळा परत आला.

"ह्याला कापड म्हणतात?" बुधाजी एक फ्रॉक ओढून बघत म्हणाला. "ना उभा धागा, ना आडवा. नुसती कडीत कडी."

पण बोटं स्वस्थ बसेनात. कापड किती ताणून सुईखाली सोडलं म्हणजे टाकाही टिकतो आणि गळाही झालरीसारखा फुगत नाही, हे त्याला दोन दिवसांत उमगलं. मग तोच शिवू लागला. मंजुळा कापायची, बटणं लावायची आणि माल पोचवायची.

"माझं नाव कुठे काढू नकोस," त्याने बजावलं होतं. "पोरींचे फ्रॉक शिवतो म्हणून नाक्यावर हसतील मला."

एकदा त्याचा मिलमधला जोडीदार आनंदा आला. दार वाजताच बुधाजीने हातातला गुलाबी टॉप मंजुळाच्या ओटीत टाकला आणि पेपर उघडून बसला. आनंदा म्हणाला, "वहिनीच्या हातात जादू आहे रे." बुधाजीने मान डोलावली. मंजुळाने मान वर केली नाही.

श्रावणात एकदा गठ्ठा जड होता, म्हणून तोही तिच्याबरोबर दुकानात गेला. पोटमाळ्यावर चार बायका मशीनवर बसल्या होत्या. त्यांतली एक कमळाबाई, आनंदाची बायको, यांच्याच चाळीतली.

वेलजीशेठ खुशीत होते. "मंजुळाबाई, या चौघींना जरा दाखवा. असा गळा माझ्याकडे कोणाला नाय जमत."

मंजुळा नको नको म्हणत असतानाच तिला बसवलं. तिने कापड सुईखाली घेतलं. पहिल्या गळ्याचा दोरा तुटला. दुसरा गळा फुगून वर आला.

शेठनी दोन्ही गळे बघितले. "बाई, मग हा माल कुठून आणता तुम्ही?"

"कुठून म्हणजे?" कमळाबाई हसली. "कुणाचा तरी उचललेला असेल."

बुधाजी गठ्ठा खांद्यावर घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. मंजुळाने एकदाच त्याच्याकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. पण कमळाबाईला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं. त्याने मान वळवली आणि खाली रस्त्याकडे बघत राहिला.

"आज हात चालत नाही माझा," मंजुळा म्हणाली आणि उठली.

दोघं चालत परळपर्यंत आले. "मी बोलायला हवं होतं गो," तो शेवटी म्हणाला.

"तुमची मान ताठ राहिली ना? झालं तर."

चार दिवस मंजुळा नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या. बुधाजी आत बसून ते ऐकायचा. पाचव्या दिवशी कमळाबाईचा आवाज आला, "काय गो मंजुळे, आज कोणाचा माल?"

त्याने दार उघडलं आणि मशीन फरफटत गॅलरीत आणली. भर उजेडात, सगळ्यांच्या देखत बसून एक पिवळा टॉप पुरा केला. मग कमळाबाईच्याच चिमुरडीला जवळ घेऊन तो तिच्या डोक्यातून घातला. एक टाका तुटला नाही.

"हे मी शिवलं," तो म्हणाला. "आधीचे सगळेही मीच. त्या दिवशी जिन्यावर होतो आणि गप्प राहिलो."

कोणी हसलं नाही. कमळाबाई पदराशी चाळा करत घरात गेली. आठवड्याने आनंदा आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मलाही शिकव रे." मिल काही उघडली नाही. पुढच्या वर्षी त्या गॅलरीत तीन विणकर मुलींचे फ्रॉक शिवत होते. "बुधाजीने लाज सोडली म्हणून आम्ही तरलो," असं लोक म्हणायचे. तो तिथून उठून जायचा.

मंजुळा पुन्हा त्या दुकानाची पायरी चढली नाही; माल बुधाजीच पोचवायचा. कितीतरी वर्षांनी, दोघं भाजी निवडत बसलेली असताना, त्याने विचारलं, "अजून राग आहे गो माझा?"

"राग नव्हताच," मंजुळा म्हणाली. "लाज वाटली होती. तुमची."

बुधाजी खाली मान घालून मेथीची पानं खुडत राहिला.