हळीव पेरलेला किल्ला

माझं कामच चुका शोधायचं. कुवेतमध्ये मंगफजवळच्या एका प्लांटमध्ये मी दाबमापकं तपासायचो. काटा अर्धी रेघ इकडेतिकडे झाला तरी मला खपायचं नाही. ही खोड सुटीच्या भोंग्याबरोबर गेटवर ठेवून यायला हवी होती. मी ती रोज घरी, जेवणाच्या टेबलापर्यंत आणत होतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बायको आणि मुलगी साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे राहायला आल्या. मुलगी दहा वर्षांची, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. मी हट्टाने तिला इथल्या ब्रिटिश शाळेत घातलं. वर्ष गेलं, पण वर्गात तिने तोंड उघडलं नाही. पेपर बरे लिहायची, प्रश्न विचारला की खाली मान. दिवाळी तोंडावर आली आणि मुख्याध्यापकांचं पत्र आलं. या सत्रात मुलगी वर्गासमोर बोलली नाही, तर पुढच्या सत्रात तिची जागा ठेवता येणार नाही. आमच्या आवाक्यातल्या दुसऱ्या शाळा भरलेल्या होत्या. म्हणजे दोघींची परत पाठवणी, आणि मी पुन्हा बॅचलर खोलीत, चार बाप्यांत एक शेगडी. बायकोने ते पत्र फ्रिजच्या दारावर चिकटवलं. पाणी प्यायला उठलं की समोर तेच.

माझ्याकडे उपाय एकच होता. रोज संध्याकाळी मुलीला समोर बसवायचं, इंग्रजी बोलायला लावायचं आणि चुकलं की तिथल्या तिथे सुधारायचं. ती वाक्य सुरू करायची, मी तिसऱ्या शब्दाला अडवायचो. बायको आतून म्हणायची, अहो, पुरं करू द्या तिला. मला वाटायचं, हिला काय कळतंय.

तिच्या वर्गशिक्षिका वेल्सच्या होत्या. त्यांनी मुलांना आपल्या मुलखातले टेकडीकोट शिकवले. रोमन लोक येण्याआधी केल्ट लोकांनी टेकड्यांभोवती कड्यासारखे खंदक खणले, खणलेल्या मातीचे बांध घातले, वर लाकडी कुंपण ठोकलं. आता तिथे गवताच्या वळ्या आणि मेंढ्या. गृहपाठ असा की प्रत्येकाने एक प्रतिकृती करायची आणि आज त्यातलं काय उरलंय ते वर्गासमोर उभं राहून सांगायचं. मुलीच्या वहीवर बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, मुख्याध्यापक त्या दिवशी येतील.

किल्ला म्हटल्यावर मी बाह्या सरसावल्या. दर दिवाळीला किल्ला करण्यात माझं बालपण गेलेलं. आमच्या गावच्या डोक्यावर खराखुरा गड आहे. वाळूचा किल्ला टिकत नाही, म्हणून सुलैबियाच्या एका शेतावर काम करणाऱ्या गाववाल्याकडून दोन पोती माती आणली. शुक्रवारी बाल्कनीत प्लायवूडवर विटा रचल्या, गोणपाट टाकलं, चिखल थापला. बुरूज, तोफा, वळणाचा दरवाजा. बायकोने गावाहून मातीची चित्रं कापसात गुंडाळून आणली होती. पायऱ्यांवर मावळे उभे केले, माथ्यावर महाराज बसवले. शेवटी उतारावर हळीव पेरले. इथल्या दुकानात त्याला रशाद म्हणतात, नाव वेगळं पण उगवतं तसंच.

मुलगी वही घेऊन शेजारी उभी होती. म्हणाली, बाबा, यांच्याकडे तोफा नव्हत्या, आणि खंदक राहिलाय.

"किल्ला कसा करायचा ते तू मला शिकवणार?" मी म्हणालो. आवाज नको तेवढा चढला होता.

तिने वही मिटली. पुढचे पाच दिवस ती घरातही बोलली नाही. हळीव मात्र उगवून वर आले. मी सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचो. चुकलं होतं ते मला तिसऱ्याच दिवशी दिसलं होतं. केल्ट लोकांच्या किल्ल्यावर मी महाराज बसवले होते. पण आता मोडायचं म्हणजे तिच्यासमोर कबूल करायचं, आणि ते माझ्याच्याने होईना.

बुधवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि किल्ला गाडीत घालून शाळेत नेला. मी दाराशी थांबलो. मुख्याध्यापक मागच्या बाकावर फाइल उघडून बसले होते. मुलीचं नाव पुकारलं. ती किल्ल्यामागे उभी राहिली आणि गप्प झाली. बाईंनी मऊपणे विचारलं, या तोफा आहेत का? दोन-तीन मुलं फिदीफिदी हसली. मुलीची मान खाली गेली. मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं.

मला राहवलं नाही. मी दोन पावलं आत टाकली आणि इंग्रजीत खुलासा करायला तोंड उघडलं.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही नका बोलू. तुम्ही बोललात की माझं बोलणं जातं."

वर्गात ते कळणारा मी एकटाच होतो. इतकी वर्षं लोटली, पण तेव्हाइतकी लाज मला कधी वाटलेली नाही. ती वर्गात का बोलत नाही, याचं उत्तर म्हणजे रोज तिच्यासमोर जेवायला बसणारा मीच होतो.

मग तिने महाराजांना दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि माझ्याकडे दिलं. मावळे एकेक करून रुमालावर निजवले. आणि तळहाताने बुरूज दाबायला लागली. तोफा गेल्या, दरवाजा गेला. बोटाने तिने भोवती खंदकाची एक वळी ओढली. राहिली ती हिरवी टेकडी. त्यानंतर ती इंग्रजीत बोलू लागली, अडखळत, पण बोलू लागली. आधी शत्रू आले, मग पाऊस, मग मेंढ्या, असं म्हणाली. लाकूड कुजलं, खंदक बुजले, पण लोकांच्या तोंडात शब्द राहिला. किल्ल्याला ते लोक दून म्हणायचे. तो शब्द स्कॉटलंडच्या डंडीत आहे, फ्रान्सच्या व्हर्दांमध्ये आहे. तिथल्याच लिऑन शहराचं जुनं नाव लुग्दुनुम होतं, आता त्यातला दून झिजून ओळखूसुद्धा येत नाही. मग म्हणाली, अरबीच्या बाई सांगतात की कुवेत म्हणजे छोटा कोट. म्हणजे आपण सगळे एका किल्ल्याच्या नावातच बसलोय. आणि माझ्या बाबांच्या गावचा किल्लाही पडलाय, पण गावाचं नाव त्याच्यावरूनच पडलंय.

क्रियापदाच्या चार चुका झाल्या होत्या. मी मोजल्या, सवयच तशी. पाचवी चूक मोठी होती. आमच्या गावाचं नाव गडावरून पडलेलं नाही. ते वेशीवरच्या चिंचेवरून पडलंय, शेंबडं पोरही सांगेल. वाक्य अगदी जिभेवर आलं. हातात महाराज होते. मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो.

मुख्याध्यापकांनी फाइल बंद केली. जाताना बाईंना म्हणाले की जागा राहील. संध्याकाळी बायकोने फ्रिजवरचं पत्र काढून कचऱ्यात टाकलं. मुलगी तिला सगळं सांगत होती, मध्येच इंग्रजीत शिरत होती, आणि मी पाटी-पेन्सिल हिरावून घेतलेल्या मास्तरासारखा गप्प बसलो होतो. गप्प बसणं मला त्या दिवसापासून शिकावं लागलं. अजून नीट जमत नाही.

पुढे दहा वर्षांनी ती सुटीत कॉलेजच्या मैत्रिणीला गावी घेऊन आली. मी त्यांना घ्यायला वेशीवर गेलो होतो. एस.टी.तून उतरल्या उतरल्या वर गडाकडे बोट दाखवून तिला इंग्रजीत सांगायला लागली की या गावाचं नाव त्या किल्ल्यावरून पडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना, बाबा?"

चिंच तिच्या मागेच उभी होती.

"हो," मी म्हणालो, "बरोबर आहे."